बंदोबस्त सांभाळून पदवी

आम्ही अंतरवाली सराटीहून बोलतोय, अंबड तालुका, जिल्हा जालना. १ सप्टेंबर २०२३ नंतर आमच्या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. त्या दिवशी उपोषणाच्या जागी लाठीमार झाला. गावकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पुढे कितीतरी दिवस गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहायचा आणि बोलणं पोलिसांवर यायचं.

त्या बैठकीत एक ताई मान खाली घालून बसायची. तिची लेक पोलीस शिपाई आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. एकदा ती हळूच म्हणाली, "लेक बी.ए. करायलीय, मुक्त विद्यापीठातून. बंदोबस्तावरून आली की पुस्तक घेऊन बसते." कुणीतरी विचारलं, "नोकरी लागली ना? मग आता कशाला शिकायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही बरंच मागे गेलो.

आपल्याकडचं पोलीस खातं इंग्रजांनी १८६१ च्या कायद्यानं बांधलं. शिपायानं हुकूम ऐकायचा आणि साहेबानं डोकं चालवायचं, अशी त्याची रचना. १९०२ साली फ्रेझर आयोग नेमला गेला. शिपायांचा पगार तुटपुंजा आहे आणि खात्यात लाचखोरी आहे, हे त्यानं स्पष्ट लिहिलं. पण फौजदार कोण असावा, तर बाहेरून थेट भरलेला शिकलेला माणूस, असं त्याचं मत पडलं. फौजदारांसाठी प्रशिक्षण शाळा निघाल्या. नाशिकची शाळा १९०९ पासून तिथं आहे, तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. शिपायाला मात्र वर चढायची वाट अगदी अरुंद ठेवली. आम्हाला वाटतं, शिपाई शिकून काय करणार, हा प्रश्न तिथूनच आला असावा. आपण तो नुसता पुढे चालवतोय.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी कारभार उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तिथलं शिक्षणही उर्दूत. मराठी घरातल्या गरीब पोराला कॉलेज म्हणजे दूरची गोष्ट, आणि पोरीचं तर नावच नको. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, ते मिलिंद महाविद्यालय. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं. तरी दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाला वर्गात जाऊन कसं बसता येणार? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पण पोलिसाला रात्रसुद्धा स्वतःची नसते.

परदेशात हा विचार आधी झाला. अमेरिकेतल्या बर्कली गावचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या पोलिसांसाठी शाळा काढली आणि पुढे तिथल्या विद्यापीठाला पोलीस शिक्षणाशी जोडलं. १९६८ नंतर तर नोकरीतल्या पोलिसांच्या कॉलेजच्या फीसाठी अमेरिकेचं सरकार पैसे देऊ लागलं. आपल्याकडं १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला. शिपायाला नुसता हुकमाचा ताबेदार समजू नका, त्याला समज वापरायची संधी द्या आणि बढतीची वाट मोकळी करा, असं त्यानं सांगितलं. सरकारनं किती ऐकलं, तो वेगळा विषय.

खरं दार उघडलं ते १ जुलै १९८९ ला. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. पुस्तकं अशी लिहिलेली की समोर शिक्षक नसला तरी वाचून कळावं. अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यात निघाली. दहावी-बारावी राहिलेल्यांनाही पूर्वतयारी करून बी.ए.ला बसता येऊ लागलं. पोलीस, कंडक्टर, अंगणवाडीच्या ताया, घर सांभाळणाऱ्या बाया, सगळ्या एकाच परीक्षेच्या बाकावर आल्या.

पोलिसाला त्या पदवीचा रोकडा उपयोगही होता. १९९५ च्या नियमांत फौजदाराच्या, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाच्या, शंभरातल्या २५ जागा खात्यातल्याच लोकांसाठी स्पर्धा परीक्षेनं ठेवल्या होत्या. या परीक्षेला बसायला पदवीधराची ४ वर्षांची नोकरी पुरायची, बारावी झालेल्याला ५ वर्षं आणि दहावीवाल्याला ६ वर्षं लागायची. नियम पुढे बदलत गेलेत, म्हणून कुणाची लेक बसणार असेल तर त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करावा.

मोठ्या अधिकारीसुद्धा नोकरीत शिकल्या. किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आल्या. नोकरी करत १९८८ ला कायद्याची पदवी घेतली, १९९३ ला दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट. विषय होता नशा आणि घरातली मारहाण. हा विषय आपल्याला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, पदवीनं माणूस बदलतो का? नाही बदलत नेहमी. शिकलेला उर्मट माणूस आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण ठाण्यात तक्रार लिहून घेणारा शिपाई कायदा नीट वाचलेला असला, तर आपला खेटा वाचतो. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारायची नाही, हे आता कायद्यातच लिहिलंय. वीस वर्षं नोकरी झालेल्यालाही पुन्हा पुस्तक उघडावं लागलं. ताईची लेक म्हणाली, "आमच्या ठाण्यात जुने हवालदार मलाच कलम विचारतात." हे सांगताना ताईची मान वर होती.

दिवाळीला ती दोन दिवस घरी आली आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं आईजवळ ठेवून गेली. आमच्यातल्या दोघींचं शिक्षण बारावीवर थांबलंय. त्यांनी ती मागून घेतली. आता पुस्तकं गटाच्या पेटीत पासबुकांशेजारी असतात, आणि कुठलं कुणाकडं गेलं ते आम्ही कर्जाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.