शेतात साप चावून मृत्यू झाल्यास दावा कसा करायचा?

भंडारा : रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत साप चावून किंवा वीज पडून शेतकरी दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. गावात अजून याला अपघात विमाच म्हणतात. पण 2023 पासून विमा कंपनी मधे नाही. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसांसाठी गाव नमुना 6-क हे कागद मागाहून निघतात. पोस्टमार्टमचं तसं नाही. दुःखात घाईनं अंत्यसंस्कार उरकले, की मरण सापामुळंच आलं हे दाखवणं कठीण जातं. आधी पोलिसांना कळवून पंचनामा अन् पोस्टमार्टम करून घ्या. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरच्या एका सदस्यालाही लाभ आहे. वय मात्र 10 ते 75 हवं.