मिठागरावरचे पाहुणे

कामगार चळवळीतल्या माणसाने पक्ष्यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि गेटसभांत. पक्ष्यांची ओळखही अशीच उशिरा, शिवडीच्या किनाऱ्यावर झाली. सभेला जमलेली माणसे माझ्याकडे पाठ करून खाडीकडे पाहत होती. तिकडे चिखलावर दूरवर गुलाबी पट्टा पसरलेला. माझे भाषण त्या दिवशी लवकर आटोपले, हे सांगायला नकोच.

तो पट्टा रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा होता. शिवडीला हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले त्याला फार काळ झाला नाही. १९९० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. पुढे ६ ऑगस्ट २०१५ रोजी शासनाने ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानची खाडी, सुमारे १,६९० हेक्टर, फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केली. २०२२ मध्ये तिला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. गंमत अशी की, ज्या शिवडीने हे पक्षी मुंबईकरांना दाखवले ती शिवडी अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिली.

आता हे पाहुणे येथेच का आले? लहान रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ गाळून खातो. शहराचे सांडपाणी खाडीत आले, त्यामुळे हे शेवाळ माजले आणि रोहितांना मेजवानी मिळाली, असे अभ्यासक सांगतात. ज्या खाडीवरून आपण नाक दाबून जातो तीच त्यांचे ताट! अभयारण्य म्हटले की माणसाचा हात न लागलेली जागा आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही नाही, आणि मला सांगायचे आहे ते हेच.

कारण खाडीच्या पक्ष्याला नुसता चिखल पुरत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पोट भरते. पण भरती आली म्हणजे सारा चिखल बुडतो. सैबेरियाकडून आलेला, वजनाने पंचवीस ग्रॅमच्या आसपास असलेला टिलवा तेव्हा उभा कोठे राहील? तो मिठागरात येतो. तुतवार येतात, शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर तेथेच उभा असतो. वीतभर पाणी, सपाट जमीन, चहूकडे मोकळी नजर. विश्रांतीला याहून चांगली जागा नाही. आणि ही जागा देवाने केलेली नाही. खाडीला बांध घालायचे, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, उन्हात पाणी आटले की मीठ ओढून ढीग लावायचे, हे सारे अनवाणी पायांचे काम. आगरात राबणारा तो आगरी, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. पावसाळा लागला की काम संपते आणि मजुरीही संपते.

वडाळ्याच्या मिठागरांना आणखी एक इतिहास आहे. १९३० च्या मे-जूनमध्ये सत्याग्रह्यांनी तेथे वारंवार चढाई केली. १ जूनला तर सुमारे १५,००० माणसे मिठावर तुटून पडली आणि पोलिसांनी त्यांच्यावर घोडेस्वार घातले. पाहुणे पक्षी त्या सुमारास बहुधा उत्तरेला निघून गेलेले असतात; त्यांना हा गोंधळ सोसावा लागला नसेल!

त्याच वर्षीची दुसरी हकीकत मला विशेष जवळची वाटते. सालिम अली जर्मनीत शिकून मुंबईला परतले, तो वस्तुसंग्रहालयातली त्यांची मार्गदर्शक व्याख्यात्याची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. आमच्या भाषेत, कामावरून कमी केले. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास झाला. तोवर आपल्याकडे पक्षिशास्त्र बरेचसे बंदुकीच्या नळीतून चालत असे. मेलेला पक्षी हातात घेऊन त्याची जात ठरवायची. सालिम अलींनीही बंदूक वापरली. पण किहीमला ते तासन् तास नुसते पाहत बसले. बेकारीचा असा उपयोग सर्वांनाच साधत नाही, आणि बेकारी चांगली असते असे कोणी माझ्या तोंडी घालू नये.

आता अडचणीची गोष्ट. खाडीकाठची बहुतेक मिठागरे अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडकडील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन घेण्याचा निर्णय केला. घरासाठी मोर्चे काढण्यात माझे आयुष्य गेले. गरिबाला घर नको असे मी म्हणणार नाही. पण भरतीचे पाणी ज्या सखल जमिनीवर पसरते तिच्यावरच गरिबाचे घर का बांधावे, आणि पाणी घरात शिरले तर सामान कोणी उपसावे, हे विचारण्याचा हक्क मला आहे. पक्षिप्रेमी मंडळींशी माझे भांडण एवढेच की, त्यांच्या निवेदनात टिलव्याचे नाव असते, बांध घालणाऱ्याचे नसते.

गेल्या माघात काही तरुणांबरोबर मी भांडुपच्या बाजूला गेलो होतो. भरती किती वाजता, हे पाहण्यासाठी त्यांनी फोन काढले. तेथे जाळे लागेना. बांधावर एक म्हातारे आगरी गृहस्थ बसले होते. मी विचारले, "बाबा, पाणी कधी भरेल?" त्यांनी उलट विचारले, "आज तिथी कोणती?" अष्टमी, मी म्हणालो. "मग तिची पाऊणपट कर." आठाची पाऊणपट सहा. आम्ही बांधावर बसून राहिलो. सहाच्या सुमारास खाडी काठोकाठ भरली आणि टिलव्यांचा एक थवा आमच्या डोक्यावरून वळून मिठागरात उतरला. म्हाताऱ्याने वरही पाहिले नाही. तो उघाडीच्या फळ्या बघायला उठला होता.