जुने सामान, नवे घर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, बालसंगोपन यांवर लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी यंदा वापरलेल्या लाकडी सामानाविषयी लिहिते. लग्नाच्या किंवा नव्या घराच्या निमित्ताने आपल्या एकोडीतील कित्येकजणी जुना सागवानी पलंग, कपाट किंवा आरामखुर्ची शोधीत पार भंडारा-नागपूरपर्यंत जातात. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट शहाणपण आहे. परंतु एका घरातून निघून दुसऱ्या घरी जाणाऱ्या या सामानाला आपल्या मुलखात मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला म्हणजे खरेदी करताना आपला हात थोडा जपून पडतो.

आपल्या पणजीच्या घरी सामान ते किती! निजावयास बाज, जेवावयास पाट, लुगड्यांना पेटी, धान्याला कोठी. बाकीचे कोनाड्यात, नाहीतर खुंटीवर. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी. अलमारी हा पोर्तुगिजांकडून आला. हे सामान ज्या लिलावात विकले जाते, तो ‘लिलाव’ शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे वस्तू बाहेरून आली आणि ती विकण्याच्या रीतीचे नावही बाहेरून आले.

या मुलखातील सर्वांत दुःखद लिलाव नागपूरचा. आपला भंडारा जिल्हा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क न मानता १८५४ साली राज्य खालसा केले. राज्य तर गेलेच, पण पुढे राजवाड्यातील चीजवस्तूही सरकारने विकावयास काढली. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. बहुतेक जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई त्या वेळी हयात होत्या. जॉन केई या इंग्रज इतिहासकाराने १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले आहे की, वाड्यातील सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असे त्यांनी बजावले होते. तरीही सामान हलविलेच. राज्य घेतल्यापेक्षा या जप्त्या आणि विक्रीनेच लोकांची मने अधिक दुखावली, असे आपल्या कानी आल्याचेही तो सांगतो.

इंग्रजाला याचे नवल वाटले असेल; आपणा बायकांना वाटू नये. राज्य दरबारात असते, पण पलंग, पेटी, आरसा ही रोज हाताखालची वस्तू. ती परक्याने उचलली म्हणजे घर मोडल्याचे खरोखर कळते.

त्यानंतर साहेबांचा काळ आला. कामठीस १८२१ पासून छावणी होतीच. १८६१ साली मध्यप्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. साहेबाची बदली झाली की जड सामान बरोबर नेणे त्यास परवडत नसे. ते जागीच विकून जाण्याची चाल त्या काळी हिंदुस्थानभर होती. वेताची खुर्ची, लांब हातांची आरामखुर्ची, आरशाचे कपाट अशा विक्रीतून आपल्या लोकांच्या बैठकीत आले. ते पाहून आपल्या सुतारांनी इकडच्या सागवानात तसेच सामान घडविले.

मग पाळी मालगुजारांच्या वाड्यांची. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द होऊन ३१ मार्च १९५१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कुळांच्या दृष्टीने ते न्याय्यच झाले. परंतु वाडा मोठा आणि उत्पन्न थोडे, अशी स्थिती झाली की घरात वाटण्या होतात आणि जड सामान प्रथम दाराबाहेर पडते. त्यात गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटे करू लागली होती. पुढे प्लायवूड आले आणि सागवानी कपाट ‘जुनाट’ ठरले.

आमच्याही घरी हे घडले. एका नापिकीच्या वर्षी सासूबाईंची माहेरची सागवानी पेटी विकावी लागली. घेणाऱ्याने पेटीचा नव्हे, लाकडाचा भाव लावला आणि कड्या, बिजागऱ्या अंगणातच उचकटून काढल्या. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पेटीच्या जागी जमिनीवर चौकोन उमटलेला होता, तो त्यांनी त्याच सायंकाळी सारवून टाकला.

याउलट पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) पाहा. लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, पेट्या, कोरीव दरवाजे त्यांनी आयुष्यभर हिंडून गोळा केले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे संग्रहालय उभारले आणि ते महाराष्ट्र शासनास दिले. वस्तू त्याच, एकाने त्यात लाकूड पाहिले, दुसऱ्याने घर.

आता थोडे व्यवहाराचे. जुने सामान दिवसाउजेडी पाहावे आणि उलटे करून पाहावे. बारीक छिद्रांखाली ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे. सागाचा आतला, तपकिरी गाभा वाळवीस दाद देत नाही. बाहेरचे पांढुरके लाकूड मात्र लवकर पोखरते. कड खरवडून पाहावी, म्हणजे वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटविला असल्यास उघड होते. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक घट्ट बसविलेले असेल तर ते काम टिकाऊ. आणि पॉलिशसाठी लांब जावयास नको. आपल्याकडच्या पळसावरील लाखच स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार ते करतात.

मात्र यापुढची एक गोष्ट सुतार सांगणार नाही. विकणारी अडचणीत आहे हे दिसत असता घासाघीस करून पडता भाव देऊ नये. सामान कोणाच्या घरचे, कोणी घडविले, कोणाच्या लग्नात आले, हे तिला अवश्य विचारावे. ते एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराआड डकवावे. उद्या त्या घरची लेक आपल्या दारी आली, तर दार उघडून तिला ती चिठ्ठी दाखविता येईल.

बांकाबाईंचे सामान कोणाकोणाच्या घरी गेले ते विचारावयास आज वाट नाही. आपल्या गावातील सामानाचे तसे होऊ नये, एवढीच माझी विनंती.