करंडक आला, पुढे काय?

२६ जून २०२२, रविवार. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडकावर पहिल्यांदाच मध्य प्रदेशचे नाव कोरले गेले. त्या पाच दिवसांत बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांची चांगलीच पंचाईत झाली होती. आपल्यापैकी बहुतेकांचे काका, आत्या, मामेभाऊ मुंबई-ठाण्याकडे. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते मुंबईच्या बेचाळिसाव्या विजेतेपदाची तयारी करत होते आणि इकडे आपली पोरे यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या धावा मोजत होती. तसे पाहिले तर आपल्या शहराचे नातेच तीन-चार संघांत वाटले गेले आहे. जळगाव-भुसावळचे सोयरे महाराष्ट्र संघाचे, अकोला-अमरावतीचे विदर्भाचे, नोकरीला गेलेले मुंबईचे आणि आपण येथले. पण त्या रविवारी निदान माझ्या माहितीतली सगळी घरे मध्य प्रदेशची झाली.

सोमवारी कचेरीत पेढे आले आणि पेढ्यांबरोबर वादही. एका पक्षाचे म्हणणे, आता आपले दिवस फिरले, मध्य प्रदेशचा संघ आता मुंबई-कर्नाटकच्या पंगतीत बसला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, एक हंगाम जमून आला, एवढ्यावर हुरळून जाऊ नका. त्यानंतरही हा वाद चहाच्या टपरीवर अधूनमधून निघतोच. मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, इतिहासाचा पदवीधर नव्हे. पण या वादाचे उत्तर जुन्या नोंदींत सापडते का, हे पाहण्याचा नाद लागला. त्यातून जे हाती आले ते यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

हा वाद काही आपलाच नाही. मँचेस्टर युनायटेडची लाल बनियन घालून फिरणारी मुले आता आपल्या गल्लीतही दिसतात. त्यांच्यात दर विजयानंतर हीच चर्चा असते: संघ सावरला की नाही? मे २०२४ मध्ये या क्लबने मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवून एफ. ए. कप जिंकला तेव्हा मुलांनी उत्तर मिळाले असे धरले. पुढच्या हंगामात तोच क्लब लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिला आणि प्रशिक्षकाला दिवाळीच्या सुमारास घरी जावे लागले. आपल्या देशातले उदाहरण त्याहून मोठे आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. गोऱ्या पलटणीला हरवणारे बंगाली खेळाडू, त्यांतले बहुतेक अनवाणी. साऱ्या देशाला वाटले की आता दिवस पालटले. मोहन बागानला दुसरी शील्ड मिळाली १९४७ साली. मध्ये छत्तीस वर्षे गेली.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा इंदूरचे खेळाडू मध्य भारताच्या, म्हणजे सेंट्रल इंडियाच्या संघातून खेळत. १९४१-४२ पासून होळकर संघ या नावाने उतरला. पाठीशी महाराज यशवंतराव होळकर आणि पुढे कर्णधार सी. के. नायडू. सी. के. मूळचे नागपूरचे, १९२३ मध्ये होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले. फौजेत हुद्दा, राहायला घर आणि खेळायला मैदान अशी ती व्यवस्था होती. इतर खेळाडूंनाही संस्थानाच्या नोकरीचा आधार होता. संघातली नावे वाचली तर आपल्या मंडळाची सभासद-यादी वाचतो आहोत असे वाटेल: सरवटे, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर, गायकवाड, रांगणेकर. त्यांच्या जोडीला इंदूरचेच मुश्ताक अली, ज्यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय हा मान मिळवला होता.

या संघाची सुरुवात पाहण्यासारखी आहे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांना ३७४ धावांनी हरवले. महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरांकडून खेळला, नाबाद २४९ धावा केल्या, तरी उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. त्या एका डावात सहा जणांनी शतके केली. मग अंतिम सामन्यात बडोद्याला ५६ धावांनी हरवून पहिला करंडक आला. त्या सामन्यात सी. के. नायडूंच्या २०० धावा होत्या आणि त्यांचे वय होते पन्नास. (आमच्या कचेरीत पन्नाशीला आलेला माणूस जिना चढताना कठड्याला धरतो.)

त्या साली इंदुरात सराफ्यावर किंवा राजवाड्यापुढे हाच वाद झाला असणार. वादात दुसऱ्या पक्षाला लगेच जोर आला असेल, कारण १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने होळकरांना एक डाव आणि ४०९ धावांनी चीत केले. विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची प्रसिद्ध भागी त्याच सामन्यातली. एवढ्या पराभवानंतर एखादा संघ उठलाच नसता. होळकरांनी मात्र पुढच्या वर्षी इंदूरला मुंबईचा नऊ गडी राखून पराभव करून करंडक परत आणला. त्यानंतर १९५०-५१ आणि १९५२-५३ असे आणखी दोनदा. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला, त्यांतले चार जिंकला. मला या चार विजयांपेक्षा सहा पराभवांचा आकडा जास्त बोलका वाटतो. हरल्यानंतर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात उभे राहणे ज्याला जमते, त्याचे दिवस खरोखर फिरलेले असतात.

पण संघाचा पाया एकाच खांबावर होता. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय ओसरला आणि १९५५ नंतर होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून गेले. आधी मध्य भारत, मग राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. त्याच पुनर्रचनेने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि निमाड, त्याबरोबर बऱ्हाणपूर, नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याआधी आपली राजधानी नागपूर होती. बऱ्हाणपूर होळकरांचे कधी नव्हतेच. शिंद्यांकडून ते १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेले होते. म्हणजे होळकरांच्या करंडकाचा वारसा आपल्याला मिळाला तोही राज्याच्या सीमा बदलल्यामुळे, आणि मिळाला तेव्हा तिजोरी रिकामी झालेली होती.

पुढची सहा दशके भराभर सांगण्यासारखीच आहेत. चांगले खेळाडू निघत होते, संघ उभा राहत नव्हता. जुन्या होळकर संघातल्या जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे यांनी इंदुरात घडवलेला नरेंद्र हिरवाणी जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत १६ बळी घेऊन आला, देशभर नाव झाले, पण करंडक काही आला नाही. मग १९९९ चा तो अंतिम सामना. मैदान चिन्नास्वामीच, समोर कर्नाटक, मध्य प्रदेशचा कर्णधार मुंबईहून आलेला यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात मध्य प्रदेशकडे ७५ धावांची आघाडी होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपला होता. शेवटच्या दिवशी २४७ धावांचा पाठलाग करताना संघ १५० धावांत कोसळला. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि आपण ९६ धावांनी हरलो. आज चाळिशीत असलेल्यांना तो दिवस अजून सलतो. त्यानंतर देवेंद्र बुंदेलाने वर्षानुवर्षे संघ ओढला, दहा हजारांहून अधिक धावा केल्या आणि २०१८ मध्ये करंडक न पाहता निवृत्ती घेतली.

२०२० मध्ये तेच पंडित प्रशिक्षक म्हणून परतले. मधल्या काळात त्यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा आणि विदर्भाला दोनदा रणजी जिंकून दिली होती. २०२१-२२ च्या हंगामात मध्य प्रदेशचे गटातले गुण केरळइतकेच झाले, धावांच्या सरासरीच्या गणितावर आपण पुढे गेलो. तेथे काटा जरा इकडचा तिकडे झाला असता तर हा लेखच लिहावा लागला नसता. अंतिम सामन्यात आवेश खान आणि वेंकटेश अय्यर नव्हते. मुंबईने सरफराज खानच्या १३४ धावांच्या बळावर ३७४ केल्या. मध्य प्रदेशने उत्तरात ५३६ केल्या; दुबे १३३, शर्मा ११६, पाटीदार १२२. दुसऱ्या डावात मुंबई २६९ वर आटोपली आणि १०८ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून गाठले. आदित्य श्रीवास्तवच्या हाती करंडक आला तेव्हा पंडितांच्या डोळ्यांत पाणी होते. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ते कर्णधार म्हणून हरले होते.

येथे आपल्या शहराच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि तहात बऱ्हाणपूर, असीरगड मराठ्यांकडे आले. त्या वेळी पुण्यात कोणाला वाटले असेल की अकरा महिन्यांनी पानिपत होणार आहे? आणि ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवले तेव्हा, पानिपतात घरटी माणूस गमावलेल्या लोकांना तो विजय म्हणजे निव्वळ दिलासा वाटला असणार. पण फिरलेले दिवस ते होते. विजय दोन्ही सारखेच मोठे. फरक पुढच्या वर्षांत पडला. राक्षसभुवननंतर माधवरावांनी कर्नाटकच्या मोहिमा, कर्जफेड आणि कारभाराची घडी यांत आठ-नऊ वर्षे घालवली. लढाईच्या दुसऱ्या दिवशी हे कोणालाही सांगता आले नसते.

तर २०२२ नंतर काय झाले? २०२३ मध्ये उपांत्य सामन्यात इंदूरच्या होळकर स्टेडियमवरच बंगालने आपल्याला ३०६ धावांनी हरवले. २०२४ मध्ये पुन्हा उपांत्य सामना, नागपूरला विदर्भाशी. ३२१ धावांचा पाठलाग, यश दुबेच्या ९४, तरीही ६२ धावांनी हार. डिसेंबर २०२४ मध्ये मुश्ताक अलींच्याच नावाच्या वीस षटकांच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली आणि मुंबईने पाच गडी राखून परतफेड केली. २०२४-२५ च्या रणजीत मात्र गटातूनच बाहेर. म्हणजे दोनदा दारापर्यंत, एकदा अंगणातूनच परत.

याच्या शेजारी विदर्भ ठेवून पाहा. १ जानेवारी २०१८ रोजी आपल्या इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला करंडक नेला, तेव्हा अकोल्याच्या पाहुण्यांना आपण सहज म्हटले होते की एकदा जमले बुवा. पुढच्या वर्षी त्यांनी तो राखला. २०२३-२४ ला अंतिम सामना हरले, २०२४-२५ ला केरळविरुद्ध पुन्हा जिंकले. पंडित निघून गेल्यानंतरही विदर्भ जिंकत राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या कचेरीतल्या वादात विदर्भाचे नाव निघाले की पहिला पक्ष गप्प होतो.

तरी मी पूर्णपणे दुसऱ्या पक्षात नाही. होळकरांच्या वेळी सगळे इंदूरला गोळा होत होते. आता नावे पाहा. कुलदीप सेन रीव्याचा. कुमार कार्तिकेय घर सोडून आलेला, दिल्लीजवळ कारखान्यात मजुरी करून, पुढे शहडोलकडून खेळून राज्याच्या संघात पोहोचला. नऊ वर्षे तो घरी गेला नव्हता. छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावच्या क्रांती गौडने जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ५२ धावांत ६ बळी घेतले. इंदूरच्या रजत पाटीदारने ३ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या संघाला अठरा वर्षांनी पहिली आय. पी. एल. जिंकून दिली. शहडोल आणि छतरपूर ही नावे होळकरांच्या काळी क्रिकेटच्या नकाशावर नव्हतीच.

बऱ्हाणपूर त्या नकाशावर अजून नीट उमटलेले नाही. आपल्याकडचा मुलगा चांगला निघाला तर त्याला इंदूर गाठावे लागते, म्हणजे घरापासून दूर, खोलीचे भाडे, खानावळ आणि बारावीचे वर्ष डोक्यावर. लालबागेतले किंवा राजपुऱ्यातले किती आईबाप त्याला जाऊ देतील? मुलीचा प्रश्न तर आणखी अवघड. कोणी धाडस केले तर आपल्या मंडळाने खोलीचे एक वर्षाचे भाडे उचलावे, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडण्याचा माझा विचार आहे. खर्च आरासीपेक्षा कमी येईल.

२०२५-२६ चा रणजी हंगाम १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला. कचेरीतल्या दोन्ही पक्षांनी पेढ्यांची पैज आधीच लावून ठेवली होती.