मामा तलाव: मालक बदलला, पाळ तीच

मामा तलाव म्हटलं की बाहेरच्याला वाटतं कुणाच्या तरी मामाचा असेल. माजी मालगुजारी, म्हणून मा-मा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. आपल्या कित्येक बांध्यांचं धान पावसाने दगा दिल्यावर याच पाण्यावर निघतं. आज हे सगळे सरकारी मालमत्ता आहेत. त्यांची देखभाल कुणी, कशी केली, तो इतिहास मात्र सरकारहून जुना आहे.

चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली. चंद्रपुरातल्या तुकूमचं नाव अशाच जमिनीच्या प्रकारावरून आलं असं सांगतात. तलावाची जागा हेरण्यात कोहळी समाजाचा हात धरणारा कुणी नव्हता. उतार कुठे, मुरूम कुठे, पाणी कुठून येतं, हे ते नजरेनं ओळखत. पुढे 1860 च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि तलावही त्यांच्याकडे गेले.

उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची, गाळ निघायचा, तुडूम साफ व्हायचा. (नव्या पोरांसाठी: तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा, एकाखाली एक भोकं असलेली. पाणी उतरेल तसं वरून खाली एकेक भोक उघडायचं.) "मालगुजाराच्या काळात तलाव बरे होते" असं म्हातारी माणसं म्हणतात. तलाव बरे होते, खरं आहे. पण त्या मातीच्या टोपल्यांत बेगारही होती आणि पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचं ते सांगायला नको. तो काळ परत यावा असं मला तरी वाटत नाही.

मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात गावाचे हक्क लिहिलेले होते, ते कागद राहिले. उन्हाळ्यातलं काम मात्र कोणत्याच कागदावर नीट आलं नाही. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात, 1962 ला जिल्हा परिषदा. 100 हेक्टरपर्यंत ओलीत करणारे तलाव परिषदेकडे, मोठे राज्याकडे. तलाव परिषदेचा, मासे ढिवरांच्या संस्थेचे, पाणी शेतकऱ्यांचं, पाणलोटातलं जंगल वनखात्याचं. वनहद्दीतल्या तलावाच्या कामाला 1980 च्या वनसंरक्षण कायद्यापासून परवानगीचा आणखी एक फेरा.

तलाव एका दिवसात मरत नाही. आधी गाळाने तुडूमाची खालची भोकं बुजतात. तळ वर येतो, पाणी कमी मावतं, सलंग लवकर वाहतो आणि झिजतो. मग आपणच पाणी वाढावं म्हणून सलंगावर पोती रचतो. पाळीची मोकळी उंची संपते आणि एखाद्या रात्रीच्या झडीत पाणी पाळीवरून जातं. दुसरीकडे उघड्या पडलेल्या गाळपेरात कुणी शेती धरतो. त्याला तलाव भरायलाच नको असतो, म्हणून तो सलंग खाली करतो. दोघंही गावचेच.

म्हणून मला मोठ्या दुरुस्तीच्या पाटीपेक्षा दरवर्षीच्या लहान कामाची काळजी जास्त वाटते. दहा वर्षांनी निविदा निघते, तोवर उंदराचं बीळ नाली झालेलं असतं. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गाळ निघाला ते चांगलंच. पण पाळीच्या पायथ्याजवळ खोल खोदू देऊ नका. गाळाखालचा चिकण थर फुटला की तलाव झिरपतो, आणि पाळीचाही आधार जातो.

या वर्षी रोहिण्यांच्या आधी एकदा पाळीवरून चालून या. बेशरमाची झुडपं, बिळं, बाहेरच्या बाजूला ओल आहे का बघा आणि ग्रामसभेच्या ठरावात जागा सांगून लिहून घ्या. फोटो इथे टाकले तर तुलना करता येईल.