वर्ण आणि त्वक्प्रसाद

दिवाळी आठ दिवसांवर आली की काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याची जी पुडी बांधली जाते, तिच्यातील जिन्नसांची यादी वाचून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आणि तरीही वाळा, चंदन, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, अनंतमूळ, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद अशा त्या साध्या यादीत एक फार जुना व्यवहार आजतागायत नांदत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांपैकी ‘वर्ण्य’ म्हणजे वर्णाला हितकर अशा दहा द्रव्यांच्या गणात चंदन, उशीर, मधुक, मंजिष्ठा आणि सारिवा ही नावे येतात. उशीर म्हणजे आपला वाळा, मधुक म्हणजे ज्येष्ठमध आणि सारिवा म्हणजे अनंतमूळ. त्या प्राचीन गणाचा निम्मा भाग अशा रीतीने कागदाच्या पुडीतून अजूनही आपल्या घरी येतो.

परंतु जिला आपण गौरकांतीचे मूळच समजतो, ती हळद मात्र या दहांत नाही. चरकाने तिची गणना कुष्ठघ्न, विषघ्न आणि लेखनीय गणांत केली. त्वचेचे रोग हटवणारी, विष उतरवणारी, साचलेले खरवडून काढणारी म्हणून तिला मान दिला, वर्ण बदलणारी म्हणून नव्हे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ‘उटणे’ हा शब्द ज्या ‘उद्वर्तना’वरून आला, त्याचे फळ सांगताना वाग्भटाने ‘त्वक्प्रसाद’ हा शब्द योजला आहे, आणि प्रसाद म्हणजे गढूळ पाणी निवळावे तशी निर्मळता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त स्नान हा राजाच्या उपभोगांपैकी एक मानून तेल आणि उटणे यांचे सविस्तर विधान केले आहे, तेथेही हेतू अंग स्वच्छ, सुगंधी आणि सतेज व्हावे एवढाच दिसतो. पूर्वजांना सावळ्याचे गोरे करायचे नव्हते, तर मळलेले निवळायचे होते, असे मला या साऱ्या परंपरेवरून निश्चयाने वाटते.

हळदीचा मान त्यामुळे उणावत नाही. सांगलीची पेठ तिच्यावरच वाढली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळील हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या पेवांत हळकुंडे वर्षानुवर्षे किडीवाचून टिकत, आणि तो बंदोबस्त इतका पक्का होता की त्यातील कित्येक पेवे निकामी करायला २००५ सालचा महापूर यावा लागला. फोगेल आणि पेलेतिये या रसायनज्ञांनी १८१५ साली याच हळदीतून पिवळे रंगद्रव्य वेगळे काढले, आणि त्याची रचना मात्र १९१० साली उलगडली गेली. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उन्हात विटते आणि त्वचेवर पिवळी छटा सोडते. लग्नाच्या हळदीचे तेज काही अंशी या छटेचेच असते. याउलट ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन नावाचे द्रव्य त्वचेतील मेलॅनिन घडवणाऱ्या विकराला आवर घालते, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी प्रयोगांनी दाखवले, आणि ज्याला वर्ण्य म्हटले होते त्याच द्रव्याच्या बाजूने हा कौल पडला. तथापि घटकाभर लावून धुऊन टाकलेल्या भुकटीने खोल डाग जातील अशी आशा धरू नये. त्यासाठी योग्य प्रमाणातला अर्क, महिनोन्‌महिने नियमितपणा आणि उन्हापासून रक्षण, ही तिन्ही लागतात.

सुरक्षिततेचा दस्तूरही यातूनच समजून घ्यावा. काही उटण्यांत बावची घालतात. तीतील सोरालेन उन्हाच्या संगतीने त्वचा भाजते आणि काळवंडवते, म्हणूनच वैद्य तिचा उपयोग पांढऱ्या डागांवर करत आले. लिंबाच्या रसाचीही उन्हात तीच गत होते. हळदीला भडक पिवळेपणा आणण्यासाठी शिशाचा रंग चोपडण्याची लबाडी दक्षिण आशियात ठिकठिकाणी उघडकीस आली आहे. तेव्हा हळकुंड पारखून घरी दळणे उत्तम. नवे उटणे प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे, दूध किंवा तेल घालून मऊ करावे, आणि जोराने रगडू नये. कारण आपल्या सावळ्या त्वचेवर दाह झाला की तो शमल्यावरही काळा डाग मागे राहतो.

या दस्तुराचा विसर पडला तो निवळपणाच्या जागी गोरेपण विकले जाऊ लागल्यावर. १९७५ साली गोरेपणाचे नावच धारण केलेले मलम भारतीय बाजारात आले, आणि ते नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले. त्याच मागणीच्या आडोशाने पारा घातलेली मलमे घरोघर शिरली, जी मेलॅनिन रोखतात खरी, पण मूत्रपिंडांचा घात करतात. दहा लाख भागांत एक भागाहून अधिक पारा असलेल्या सौंदर्यप्रसाधनांना मिनामाता करारान्वये २०२० नंतर बंदी आली, तरीही डबीवर पाऱ्याचा उल्लेख न करता ती विकली जातात. वैद्याच्या सल्ल्यावाचून मुलींच्या चेहऱ्याला लागणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांची कथाही याहून निराळी नाही. त्यांनी त्वचा आधी उजळते, आणि मग पातळ होऊन लालभडक पडते.

उटण्यात गुण किती होता हा वादाचा विषय होऊ शकेल. पण त्यातले प्रत्येक द्रव्य नावाने ठाऊक होते, ते अंगावर थोडा वेळ राही आणि पाण्याबरोबर निघून जाई. ज्या डबीवर आतल्या जिन्नसांची यादी नाही, ती घरात येऊ देण्याआधी कागदाच्या त्या पुडीवर जेवढे वाचता येत होते, तेवढे तरी तिला विचारावे.