दहिवरातलं पान

भाच्यानं परदेशातून सिगार आणून दिली, तेव्हा आधी ती मी कानाशी धरली आणि बोटांत हलकेच दाबली. आबा असंच करायचे. पान करकरलं तर कोरडं, गप्प राहिलं तर ओलं. किंचित कुजबुजलं तर बेताचं. ही कुजबुजली.

चंदीगडमध्ये सिगार ओढायची तर स्वतःच्या घराची गच्चीच बरी. १५ जुलै २००७ रोजी हे शहर धूरमुक्त जाहीर झालं, देशात पहिलं. देशभरातल्या सार्वजनिक जागांवरची बंदी त्यानंतर, २ ऑक्टोबर २००८ ला लागू झाली. इथला तंबाखूला असलेला नकार कायद्याहून कितीतरी जुना आहे. शीख रहितमर्यादेत ज्या चार गोष्टी सर्वांत वर्ज्य मानल्या आहेत, त्यांत तंबाखू आहे. शेजारी सरदारजींचं घर. वारा त्यांच्याकडे नाही हे बघितलं आणि मगच काडी ओढली.

सिगारचं वरचं पान फिकट सोनेरी, कनेक्टिकट जातीचं. अमेरिकेतल्या त्या खोऱ्यात १९०० च्या सुमारास तंबाखूवर कापडाचे मांडव घालायला सुरुवात झाली. ऊन गाळून मिळालं की पान पातळ, मऊ आणि चवीला हलकं होतं. आमच्याकडे मांडव नव्हते. निपाणीपासून चार कोसांवर आमचं काळ्या मातीचं रान, आणि त्यावर हिवाळ्याचं लख्ख ऊन. ऑगस्टात रोप लावायचं, पुढं शेंडा खुडायचा, बगलफुटी काढत राहायच्या. शेंडा खुडला की झाडाचा जोर पानांत उतरतो आणि वरची पानं कडक होतात. खालची सौम्य. क्युबातला सिगारवाला सौम्य मालासाठी खालचं पान निवडतो ते याच कारणानं. आबांनी क्युबाचं नावही ऐकलं नव्हतं, पण हे त्यांना पाठ होतं.

पान पिकलं की त्यावर तांबूस ठिपके उठतात. बिडीच्या तंबाखूत तीच खरी खूण. ठिपका दाट दिसला की आबा म्हणायचे, "आता कापा, उद्याची वाट बघू नगा." झाड कापून रानातच उन्हाला पसरायचं. वाळलेलं पान दुपारी हातात घेतलं तर चुरा होतो, म्हणून गोळा करायचं ते पहाटे, दहिवर पडल्यावर. थंडीत चार वाजता आई-काकू रानात उतरायच्या. दहिवरानं पान नरम झालेलं असायचं, हाताला चिकटायचं, आणि दिवस वर यायच्या आत काम उरकावं लागायचं. त्यांच्या बोटांचा तो तपकिरी डाग होळीपर्यंत जात नसे.

मग आबांची परीक्षा. चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायचा, हुंगायचा, बिडीच्या पानात वळून दोन झुरके घ्यायचे. राख पांढरी आणि घट्ट राहिली तर चांगलं. मधेच विझलं तर म्हणायचे, "खारं पाणी प्यालंय हे." पुढं वाचनात आलं की जमिनीत वा पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर पान नीट जळत नाही. आबांना ते विहिरीच्या चवीवरून कळत होतं.

हे पान आपल्याकडे आलं पोर्तुगीजांच्या मागून. अकबराचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरला गेला होता. तिथं त्याला तंबाखू दिसला आणि त्यानं तो रत्नजडित नळीसह आग्र्याला बादशहापुढे ठेवला. हकिमांनी हरकत घेतली, तरी अकबरानं एक-दोन झुरके घेतलेच. म्हणजे मोगल दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती दख्खनमधून. पुढं दक्षिणेत त्रिचनापल्लीचे चिरूट असे गाजले, की कॉनन डॉइलनं १८८७ च्या आपल्या पहिल्याच होम्स कादंबरीत त्यांची राख ओळखायला लावली. निपाणीच्या मालाला असा कुणी लेखक भेटला नाही. तो बिडीत गेला.

बिडीत जाण्याआधी तो वखारीत जायचा. तिथं बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, निवडायच्या; धुळीनं डोळे चुरचुरायचे, रात्री खोकला. त्यांच्या संघटनेवर युगांतर या गटानं १९८२ साली एक माहितीपट केला. त्याच्या नावात ऊब हा शब्द आहे. ढीग घालून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब येते, तिनंच कच्चा उग्रपणा जातो. सिगारच्या पानाचेही ढीग लावतात, तेही असेच आतून तापतात.

आबांची परीक्षा कधी चुकली नाही. भाव मात्र व्यापाऱ्याचा. एका वर्षी एक व्यापारी वखारीच्या दारातच म्हणाला, "माल दुय्यम आहे," आणि तोच ढीग महिन्याभरात अव्वल म्हणून पुढं विकला. आबांनी तो गाडीवर लादताना पाहिला, घरी येऊन काही बोलले नाहीत, जेवले नाहीत. १४ मार्च १९८१ ला शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा सत्तरीतले आबाही गेले. त्या जागेला लोक आंदोलननगर म्हणत. मी चौदा वर्षांचा, भाकऱ्या पोचवायला जायचो. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. तंबाखूचा भाव मागताना माणसं मेली, हे मी विसरू शकत नाही, आणि कुणी विसरू नये असं मला वाटतं.

गच्चीवरची सिगार निम्म्यावर आली होती. सुरुवातीला वाळल्या कडब्याचा वास, मग भाजलेल्या बदामाची चव, शेवटाकडे जिभेच्या टोकावर मिऱ्याचा चटका. राख बोटभर लांब, करडी, न पडता उभी. आबांच्या शब्दांत: पान हलकं, पाणी गोडं, ऊब पुरी मिळालेली. अव्वल माल.

तिच्या पट्टीवर कंपनीचं आणि देशाचं नाव छापलेलं आहे. बिडीच्या कट्ट्यावर मालकाचा फोटो असतो. तंबाखू ज्या रानात पिकला त्या गावाचं नाव मी आजवर एकाही कट्ट्यावर वाचलेलं नाही.